वजन वाढलेल्या आठवड्यात ग्रुपला का जायचं?

वजन कमी करण्यासाठी जमणाऱ्या कुठल्याही गटात चार-पाच महिने बसलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्याचं वजन या आठवड्यात उतरलंय तो वेळेआधी हजर असतो. ज्याचं वाढलंय त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. डोकं दुखतं, पाहुणे येतात, ऑफिसात उशीर होतो. "पुढच्या आठवड्यात थोडं उतरवूनच जाऊ" असं ठरतं. ते उतरत नाही. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात तोंड दाखवायची लाज वाटते, आणि महिनाभरात त्या माणसाची खुर्ची कायमची रिकामी होते.

मी स्वतः अशा एका गटात दीड वर्ष होते, आणि मध्ये एकदा माझी खुर्चीही सहा आठवडे रिकामी होती. म्हणून आधारगटाचा उपयोग काय असं कोणी विचारलं, की मी या दांडीपासूनच सांगायला सुरुवात करते. ज्या दिवशी जावंसं वाटत नाही, त्या दिवसासाठीच गट असतो. काटा खाली सरकतोय तोवर बहुतेकजण एकट्यानं निभावून नेतात.

हे नीट कळायला आधी वजन उतरवणं इतकं लांबलचक काम का आहे ते पाहावं लागेल.

शरीर वजन परत मागतं

जाड माणसाला इच्छाशक्ती नाही, तोंडावर ताबा नाही, असं सर्रास मानलं जातं. जाड माणसं स्वतःही तसंच मानतात, आणि हेच जास्त वाईट आहे. शरीराचा हिशेब मात्र वेगळा चालतो. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. 1994 साली ते सापडलं. किती चरबी साठलेली आहे याची खबर ते मेंदूला देत असतं. चरबी घटली की लेप्टिनही घटतं, आणि मेंदूला वाटतं की बाहेर दुष्काळ पडला. तुम्ही ठरवून कमी खाताय की खरोखरच अन्न मिळत नाहीये, यातला फरक त्याला कळत नाही. तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडता घेतो.

ऑस्ट्रेलियात 50 जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून त्यांच्या भुकेशी संबंधित संप्रेरकांची मोजणी झाली. 2011 साली तिचे निष्कर्ष आले. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं होतं. पण वर्ष उलटल्यावरही ती संप्रेरकं मूळ पातळीला आलेली नव्हती, आणि लोकांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. 2016 साली केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकानं याच्याही पुढची गोष्ट दाखवली. टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या 14 जणांना त्यानं सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. तरीही त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना, त्यांच्या आकारमानाच्या माणसाकडून अपेक्षित असतं त्याहून दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो? पहिले दोन-तीन महिने मजेत जातात. कपडे सैल होतात, भेटेल तो "अरे वा, बारीक झालीस" म्हणतो, काटा दर आठवड्याला बक्षीस देतो. सहा महिन्यांच्या आसपास वजन एका जागी अडकतं. कौतुक करणाऱ्यांना तुमच्या नव्या रूपाची सवय होते आणि ते बोलेनासे होतात. भूक मात्र आता जास्त असते. म्हणजे कष्ट तेवढेच, किंबहुना जास्त, आणि हाती पडत काही नाही. बहुतेकांचं डाएट सुटतं ते इथे. "सोमवारपासून परत सुरू करू" हे वाक्य याच टप्प्यावर जन्माला येतं.

म्हणून वजनाच्या उपचारात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो टिकाऊपणा. आहाराचा तक्ता कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो फ्रिजवर चिकटलेला राहतो. गेले तीन आठवडे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून तो काही फोन करत नाही.

हात वर करणाऱ्या बायका

माणसं एकत्र बसली की खाण्याच्या सवयी बदलणं सोपं जातं, हे ध्यानात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि तेही वजनाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गुरांचं हृदय, मूत्रपिंड असे एरवी टाकून दिले जाणारे अवयव लोकांनी खावेत असं सरकारला वाटत होतं. गृहिणी काही ते घरात शिजवायला तयार नव्हत्या. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं तेरा ते सतरा बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान मिळालं: पोषण, युद्धकार्य, पाककृती, सगळं काही. उरलेल्या तीन गटांना तेवढाच वेळ मिळाला, पण तो आपसात बोलण्यासाठी. तुमच्यासारख्या बायकांना हे करायला सांगितलं तर आडवं काय येईल? वासाचं काय, नवऱ्याच्या तक्रारीचं काय? अडचणी मांडून झाल्यावरच त्यांना पाककृती दिल्या. शेवटी विचारलं, या आठवड्यात कोण करून बघणार? बायकांनी हात वर केले.

नंतर घरोघरी चौकशी झाली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला असा एखादा पदार्थ केला होता. बोलून ठरवलेल्यांमध्ये हे प्रमाण 32 टक्के होतं.

या प्रयोगावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. 1955 सालच्या एका अभ्यासात त्याचे पदर सुटे करून पाहिले गेले, तेव्हा नुसत्या चर्चेनं फारसं काही होत नाही असं दिसलं. चौघांदेखत हात वर करण्याचंही विशेष महत्त्व निघालं नाही. दोन गोष्टी मोलाच्या ठरल्या: स्वतः निर्णय घेणं, आणि आपल्या गटातल्या बहुतेकांनीही तोच घेतलाय असं दिसणं. मला हा दुसरा अभ्यास जास्त आवडतो, कारण गटात भाषण करायची भीती वाटणाऱ्या माणसाला तो दिलासा देतो. गप्प बसून राहिलात तरी चालेल. आजूबाजूचे लोकही हेच करताहेत हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

चोरून खाल्लेली बिस्किटं

वजनासाठीचे आजचे गट याच सुमारास उभे राहिले. 1948 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ या गृहिणीनं मैत्रिणींना जमवून 'टॉप्स' ही संस्था सुरू केली. ती आजही चालू आहे. 1960 साली लॉस एंजलिसमध्ये 'ओव्हरईटर्स अॅनॉनिमस' निघाली. दारू सोडवण्यासाठी 1935 पासून चालत आलेल्या गटांची बारा पायऱ्यांची पद्धत तिनं खाण्याच्या प्रश्नाला लावली.

तिसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या जीन निडेच यांची. 1961 साली त्या शहराच्या आरोग्य खात्यानं चालवलेल्या लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये गेल्या. तिथे आहार लिहून मिळाला, वजन उतरूही लागलं. पण रात्री आपण लपवून ठेवलेली बिस्किटं खातो, हे तिथे सांगण्याची हिंमत त्यांना झाली नाही. मग त्यांनी ओळखीच्या सहा बायकांना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे ते कबूल करून टाकलं. ते ऐकून बाकीच्यांनीही आपापली गुपितं सांगितली. त्या बैठका वाढत गेल्या आणि 1963 साली त्यांतून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे तो मोठा धंदा झाला आणि धंद्याबरोबर येणारं सगळं त्यातही आलं. पण मूळ प्रसंगाकडे पाहावं. क्लिनिककडे आहाराचं ज्ञान होतं. त्या दिवाणखान्यात ज्ञान कमी होतं, पण खरं बोलता येत होतं.

आणि खरं बोलणं ही वजनाच्या बाबतीत फार व्यावहारिक गोष्ट आहे. 1992 साली अमेरिकेत काही लठ्ठ लोकांची तपासणी झाली. "आम्ही 1200 कॅलरीच्या आतच खातो, तरी वजन उतरत नाही" असं ते सांगत होते. मोजमाप केल्यावर निघालं की ते आपलं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्के जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती. ओट्याजवळ उभ्यानं तोंडात टाकलेला घास, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं, स्वयंपाक करताना घेतलेली चव, हे सगळं आठवणीत साठतच नाही. लाज वाटत असेल तर आणखीच साठत नाही.

गटात कोणीतरी सहज बोलून जातं, "मी उभ्यानं खाल्लेलं धरतच नव्हते." आपण दचकतो, कारण ते आपलंच वाक्य असतं. आपण एकटेच असे आहोत, ही समजूत त्या क्षणी ढिली होते. लाज ओसरली की हिशेब खरा होतो. खरा हिशेब हाती आला की काय बदलायचं ते कळतं. गटाच्या कामाची ही मला दिसलेली साखळी. तिची पहिली कडी म्हणजे ती शेजारच्या खुर्चीवरची बाई.

खाण्याची नोंद ठेवण्याबद्दल इथेच सांगून टाकते. 2008 साली अमेरिकेत सुमारे 1700 लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक दर आठवड्याच्या गटबैठकांना जात होते. रोज खाण्याची नोंद करणाऱ्यांचं वजन, अजिबात नोंद न करणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं. वहीत जादू नसते. पण मंगळवारी ती वही चार माणसांसमोर उघडायची आहे हे माहीत असलं, की सोमवारी रात्री ती भरली जाते.

देणाऱ्याला काय मिळतं

गटातून आधार मिळतो हे सगळे बोलतात. आधार देणाऱ्याचं काय होतं, हे कमी बोललं जातं. 1965 साली फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञानं एक साधं निरीक्षण मांडलं: मदत करणाऱ्यालाच मदतीचा मोठा लाभ होतो. दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतः काय करतोय ते नीट पाहतो. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत ही जाणीव त्याला ताठ उभं करते. वर्षानुवर्षं 'ज्याला जमत नाही तो' अशी ओळख घेऊन वावरलेल्या माणसासाठी ही ओळख बदलणं फार मोठं असतं.

यालाच लागून दुसरी गोष्ट आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की 'हे मला जमेल' असा विश्वास यायचा एक मोठा मार्ग म्हणजे आपल्यासारख्या माणसाला ते जमताना पाहणं. यात 'आपल्यासारखा' हा शब्द कळीचा आहे. सडसडीत व्यायामशिक्षक किंवा 50 किलो उतरवलेला विजेता पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण तो आपल्यातला वाटत नाही. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच गुडघेदुखी असलेली आणि तुमच्याहून तीन महिने पुढे असलेली व्यक्ती जास्त कामाची. तिला अडचण आठवत असते, कारण ती कालपरवाच त्यातून गेलेली असते. समारंभात आग्रह करणाऱ्याला काय सांगायचं, रात्रपाळीला असताना जेवायचं कधी, प्रवासात काय बरोबर ठेवायचं, असल्या प्रश्नांची चालणारी उत्तरं मला तरी गटातच मिळाली.

आकडे काय सांगतात

हे सगळं ऐकायला छान वाटतं. ते मोजूनही पाहिलं गेलंय.

रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा 1999 सालचा अभ्यास यातला माझ्या मते सगळ्यात बोलका. त्यांनी 166 लोक घेतले. काही एकटे आले, काही तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन आले. सगळ्यांना चार महिने वजन उतरवायचं शिक्षण मिळालं, आणि काहींना त्याशिवाय एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही शिकवलं गेलं. एकटे आलेल्या आणि नेहमीचंच शिक्षण मिळालेल्या लोकांपैकी 76 टक्के शेवटपर्यंत टिकले, आणि उतरवलेलं वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे राखलं ते 24 टक्क्यांनी. सोबत घेऊन आलेल्या आणि आधाराचं शिक्षण मिळालेल्यांपैकी 95 टक्के टिकले आणि 66 टक्क्यांनी वजन राखलं. एक खोच लक्षात ठेवावी. जे लोक तीन साथीदार जमवू शकतात त्यांचं सामाजिक बळ मुळातच जास्त असू शकतं. तरी 24 आणि 66 यांतलं अंतर मोठं आहे, आणि ते वजन राखण्याच्या अवघड टप्प्यावरचं आहे.

दुसरा अभ्यास 2001 सालचा. त्यात आधी लोकांना विचारलं, तुम्हाला एकट्यानं समुपदेशकाकडे जायला आवडेल की गटात? मग काहींना आवडीचं दिलं, काहींना नावडतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर गटात बसलेल्यांचं वजन जास्त उतरलं होतं. ज्यांना गट नको होता आणि तरी गटात घातलं गेलं, त्यांचंही. "मला नाही बाई सगळ्यांसमोर जमत" असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हा अभ्यास सांगते. जबरदस्ती करत नाही. चार वेळा जाऊन बघ म्हणते.

आता मोठे आकडे. 2011 साली ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या 772 लोकांची तुलना झाली. डॉक्टरांच्या नेहमीच्या देखरेखीखाली वर्षभरात सरासरी सव्वादोन किलो उतरले, आठवड्याच्या गटबैठका असलेल्या कार्यक्रमात पाच. 2017 साली ब्रिटनमध्ये 1267 लोकांवर झालेल्या चाचणीत प्रश्न जरा वेगळा होता: किती दिवस? नुसती माहितीपुस्तिका आणि थोडा सल्ला मिळालेल्यांचं वर्षअखेर सरासरी 3.3 किलो उतरलं, 12 आठवडे कार्यक्रमात गेलेल्यांचं 4.75 आणि 52 आठवडे गेलेल्यांचं 6.76 किलो. दोन वर्षांनी तिन्ही ठिकाणी काही वजन परत आलं होतं, पण क्रम तोच राहिला. जो जास्त काळ जात राहिला, त्याच्या हाती जास्त उरलं.

सहा-सात किलो ऐकून कोणी नाराज होईल. जाहिरातींनी आपल्याला महिन्यात दहा किलोची सवय लावली आहे. पण शरीराला जाहिरात कळत नाही. वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरवलं तरी रक्तदाब, साखर, गुडघ्यांवरचा भार यांत फरक पडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत 3234 लोक होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले. आहार-व्यायाम बदलणाऱ्यांपुढे उद्दिष्ट होतं 7 टक्के वजन आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. त्या चाचणीत प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक होता, आणि ते फार महागात पडतं. म्हणून तोच अभ्यासक्रम पुढे गटांमध्ये शिकवून पाहिला गेला. तिथेही वजन उतरतं असं दिसल्यावर 2010 पासून तो देशभर वर्षभराच्या गटवर्गांच्या रूपात राबवला जातोय.

हल्ली भूक कमी करणारी इंजेक्शनं आली आहेत. त्यांनी उतरणारं वजन गटांपेक्षा बरंच जास्त असतं, हे मान्यच करायला हवं. पण त्यांतलंच सेमाग्लूटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, असं त्याच औषधाच्या चाचणीत दिसलंय. सोबतीची गरज इंजेक्शननं संपत नाही. इंजेक्शन थांबवायची वेळ येते तेव्हा ती जास्तच भासते.

गट बिघडतो तेव्हा

सगळेच गट चांगले असतात असं म्हटलं तर ते खोटं होईल. काही गट माणसाला आतून पोखरतात.

सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्यानं वाचणं हा त्यातला सगळ्यात दुष्ट प्रकार. अपमानानं वजन उतरतं ही समजूत अभ्यासांनी खोडून काढली आहे. वजनावरून हिणवलं गेलेले लोक पुढे जास्त खातात, व्यायाम टाळतात, डॉक्टरांकडे जायचंही टाळतात. चांगल्या गटात वजन आडोशाला घेतलं जातं आणि आकडा सांगायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

दुसरा धोका शर्यतीचा. 'या महिन्यात कोण सगळ्यात जास्त उतरवतो' अशी स्पर्धा लागली की लोक पाणी पिणं टाळतात, जेवणं बुडवतात, जुलाबाच्या गोळ्यांपर्यंत जातात. तिसरा धोका विक्रीचा. गट चालवणारी व्यक्तीच पावडरचे डबे विकत असेल तर तिथून उठावं. ज्याचा नफा तुमच्या खरेदीवर अवलंबून आहे, तो तुमचं वजन का अडकलं याचं प्रामाणिक उत्तर देईल अशी खात्री धरता येत नाही.

आणि काहींसाठी आधी डॉक्टर, मग गट. इन्सुलिन, साखरेच्या काही गोळ्या किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर खाणं घटल्यावर डोस बदलावा लागू शकतो, नाहीतर साखर किंवा रक्तदाब धोक्याइतका खाली जातो. गरोदरपणात अशा गटात वजन उतरवायला जाऊ नये. लपून भरमसाट खाणं आणि मग ओकून काढणं, किंवा दिवसचे दिवस उपाशी राहणं, हे चालू असेल तर तो खाण्याचा विकार आहे. त्याला मानसोपचाराची गरज असते. वजनाच्या कौतुकावर चालणारा गट त्या माणसाला इजा करू शकतो.

घरचे आणि मित्र

घरची माणसं हा गट आपोआप मिळालेला असतो, पण ती आधार देतातच असं नाही. "हे चालतं का तुला?" असं ताटाकडे बघत विचारणं ही पाळत झाली. बरोबर चालायला येणं हा आधार. घरात गोडाचा डबा समोरच्या फळीवर न ठेवणं हाही. हा फरक घरच्यांना शांतपणे, भांडण नसताना सांगावा लागतो, कारण त्यांना वाटत असतं आपण मदतच करतोय.

2007 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या 32 वर्षांच्या नोंदींवरून एक निष्कर्ष मांडला गेला. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्याचीही तसं होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. सारखी माणसं मुळातच एकमेकांना शोधतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता यावर पुढे बराच वाद झाला. म्हणून जाड मित्रांना टाळा असा अर्थ कोणी काढू नये. मी त्यातून एवढंच घेते की खाण्याच्या सवयी आपण एकट्यानं ठरवत नाही.

गट निवडताना, किंवा स्वतः जमवताना

मोठी संस्था लागतेच असं नाही. आठ ते पंधरा माणसं, आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ, तासाभराची बैठक एवढ्यावर गट उभा राहतो. वार बदलत राहिला तर गट मोडतो, हे मी दोनदा पाहिलंय. आहाराबद्दल बोलायला महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ आल्या तर उत्तम. नाहीतर ऐकीव माहिती फार लवकर नियम बनते.

बैठकीत बोलायचं कशाबद्दल, हे गट किती टिकेल ते ठरवतं. किती किलो, यापेक्षा काय केलं आणि काय आडवं आलं हे बोलावं. वजन पाण्यानं, मिठानं, पाळीनं दोन-दोन किलो हलतं आणि त्यावर आपला ताबा नसतो. चार दिवस चाललो की नाही, यावर असतो. ऐकणाऱ्यांनी लगेच सल्ला देऊ नये. "तुला सल्ला हवाय की नुसतं सांगायचंय?" हे विचारून घ्यावं. आणि तिथे बोललेलं तिथेच राहील हे पहिल्याच दिवशी ठरवावं. एकदा जरी कोणाची गोष्ट बाहेर गेली तरी खरं बोलणं थांबतं, आणि मग बसण्यात अर्थ राहत नाही.

मोबाइलवरचे ग्रुप मधल्या सहा दिवसांसाठी बरे. रात्री अकराला स्वयंपाकघरात उभं असताना "कोणी जागं आहे का?" असं विचारायला ते उपयोगी पडतात. पण तिथून निघून जाणं फार सोपं असतं. शंभर माणसांच्या ग्रुपमधून एकजण गप्प झाला तर कोणाला कळत नाही. दहा जणांच्या खोलीत कळतं.

म्हणून एक काम गटात कोणाकडे तरी नेमून दिलेलं असावं: दोन आठवडे न आलेल्याला फोन करण्याचं. हा फोन कसा करावा हे मला, माझी खुर्ची रिकामी असताना आलेल्या फोनवरून कळलं. साडेतीन किलो परत आले होते आणि मी नाव काढून घ्यायचं ठरवलं होतं. फोन करणाऱ्या काकूंनी वजनाचा विषयच काढला नाही. का आली नाहीस असंही विचारलं नाही. म्हणाल्या, "मंगळवारी किल्ली माझ्याकडे आहे, पण माझं कंबरडं धरलंय. खुर्च्या मांडायला जरा लवकर येतेस का?"

खुर्च्या मांडायला नाही म्हणता येईना. मी गेले. बारा खुर्च्या मांडल्या, सगळे आल्यावर दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी मी काट्यावर उभी राहिले नाही, आणि कोणी उभं राहा म्हटलंही नाही. जाताना काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली, पुढच्या मंगळवारसाठी.